अर्धा एकर भाजीपाला सेंद्रिय पद्धतीने करावा का? फायदे, त्यांचा क्रम आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: विहिरीच्या पाण्यावर दीड एकर बागायत आहे, दावणीला चार जनावरे आहेत आणि त्यातील अर्ध्या एकरात भेंडी, वांगी, टोमॅटो व पालेभाज्या सेंद्रिय पद्धतीने घेण्याचा विचार आहे, परंतु घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की यात उत्पादन घटते, बाजारात भाव मात्र तोच मिळतो, मग फायदा कोणता? वडीलधाऱ्यांची दोन्ही विधाने पहिल्या दोन-तीन हंगामांपुरती बरीचशी खरी आहेत, हे आधीच मान्य केलेले बरे. तरीही आपल्या परिस्थितीत हा निर्णय योग्य ठरेल असे माझे मत आहे. मात्र त्यामागचे कारण, जाहिरातींतून सांगितले जाते त्याप्रमाणे ‘चव’ किंवा ‘जादा भाव’ हे नाही. फायद्यांचा क्रम लक्षात घेतला पाहिजे. पहिला फायदा फवारणी करणाऱ्याला, दुसरा खाणाऱ्याला, तिसरा जमिनीला आणि सर्वांत शेवटी खिशाला मिळतो.

भाजीपाल्याची गोष्ट धान्यापेक्षा वेगळी का, येथून सुरुवात करतो. ज्वारी किंवा गव्हावर पीक उभे असताना एखादी फवारणी झाली, तरी कापणीपर्यंत बरेच आठवडे जातात. पुढे मळणी, साठवण, दळण आणि भाजणे या सर्व टप्प्यांत अवशेष कमी होत जातात. भेंडीचे तसे नाही. लागवडीनंतर साधारण दीड महिन्याने तोडा सुरू होतो आणि मग दर दिवसाआड तोडणी करावीच लागते, कारण फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत कोवळी असलेली भेंडी आणखी दोन दिवस ठेवली तर निबर होऊन तिला कोणी विचारत नाही. काकडी आणि दोडक्याची हीच गत आहे, वांग्याचे तोडे थोडे अंतराने येतात इतकेच. आता कीटकनाशकाच्या डब्यावरील माहितीपत्रक पाहावे. फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत हे त्यावर पीकनिहाय छापलेले असते. काही औषधांसाठी तीन दिवस, काहींसाठी पाच-सात, तर काहींसाठी तीन आठवड्यांपर्यंतचा काळ सांगितलेला असतो. दिवसाआड तोडा घेणाऱ्या शेतकऱ्याने सात दिवसांची प्रतीक्षा पाळायची म्हटले, तर मधले तीन तोडे टाकून द्यावे लागतील. असे तोडे टाकून देणारा शेतकरी माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यात त्याला दोष देण्यात अर्थही नाही, कारण ऐन हंगामात आठवड्याचा माल फेकून देणे त्याला परवडणारे नाही. रासायनिक पद्धतीतील नियम आणि तोडणीच्या पिकाची निकड यांचा मेळच बसत नाही, आणि भाजीपाल्यापुरता सेंद्रिय पद्धतीचा आग्रह धरण्याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत भक्कम कारण आहे.

भाजी धुऊन घेतली म्हणजे झाले, असा एक समज आहे. पृष्ठभागावर बसलेले औषध धुण्याने काही प्रमाणात उतरते, हे खरे आहे. परंतु आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसात मिसळतात आणि ती मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने निघत नाहीत. मेथी, पालक, कोथिंबीर यांत तर फवारलेले पानच ताटात येते, सोलून टाकायला साल नसते. मोनोक्रोटोफॉससारख्या अत्यंत विषारी औषधाचा भाजीपाल्यावरील वापर भारतात कायद्याने बंद झाला त्याला बरीच वर्षे झाली, पण एका पिकासाठी विकत घेतलेला डबा दुसऱ्या पिकावर रिकामा होण्याची सवय खेड्यापाड्यांतून गेलेली नाही.

फवारणी करणाऱ्याचा फायदा मी पहिला सांगितला, त्याचे कारण असे की विषाशी सर्वाधिक संपर्क त्याचा येतो आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते पीक कपाशीचे होते, तरी पाठीवरचा पंप, अंगावर येणारा फवारा, हातमोजे नसणे आणि दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळणे ही कामाची रीत भाजीच्या प्लॉटमध्येही तीच असते. शिवाय भाजीचा प्लॉट बहुधा घरालगत, विहिरीच्या कडेला असतो. तोडणी घरातील बायका आणि सुट्टीच्या दिवशी मुले करतात, आणि सकाळी फवारलेल्या वांग्यातच दुपारी त्यांचे हात असतात. अर्ध्या एकराचा विचार करताना हा मुद्दा हिशेबाच्या वहीत रुपयांनी मांडता येत नाही, पण तो वजा करता येणार नाही.

खाणाऱ्याच्या बाबतीत मात्र दावे मोजून-मापून करावेत. सेंद्रिय भाजीत जीवनसत्त्वे दुप्पट असतात वगैरे जे सांगितले जाते, त्याला तसा आधार नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात पोषणमूल्यांत ठळक फरक आढळला नव्हता; २०१४ मध्ये ३४३ शोधनिबंधांच्या आधारे झालेल्या दुसऱ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट (पेशींचे रक्षण करणारी) द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. कीटकनाशकांचे अवशेष कमी असण्यावर मात्र दोन्हींचे एकमत आहे. ग्राहकाला आपण एवढेच सांगावे आणि तेवढे पुरेसे आहे. टिकाऊपणाबाबत एक गोष्ट अनुभवाने आणि शास्त्रानेही खरी आहे: नत्राचा अतिरेक झालेल्या भाजीचा पाला हिरवागार दिसतो, पण पेशी पाणीदार होतात, त्यावर मावा लवकर येतो आणि माल लवकर कुजतो. कांद्याला लागवडीच्या दोन महिन्यांनंतरही युरिया दिला की माना जाड राहतात आणि तो कांदा चाळीत टिकत नाही, हे नाशिककडच्या कोणत्याही कांदा उत्पादकाला ठाऊक आहे. शेणखतातून नत्र हळूहळू सुटत असल्यामुळे हा अतिरेक सहसा होत नाही. चवीचे म्हणाल, तर ती खतापेक्षा वाणावर आणि ताजेपणावर अधिक अवलंबून असते.

आता जमिनीकडे वळतो, कारण येथे अपेक्षा आणि वास्तव यांत सर्वांत मोठी दरी दिसते. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पदार्थांतून मातीत आलेला कार्बन, ०.५० टक्क्यांखाली असला तर तो ‘कमी’ धरला जातो, आणि आपल्याकडील बहुतेक बागायती जमिनी तेथेच अडकलेल्या आहेत. एका एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने ९०० टन भरते. कर्ब ०.४० वरून ०.५० टक्क्यांवर न्यायचा म्हटले, तर एकरात ९०० किलो कर्ब नुसता टाकून चालत नाही, तो तेथे टिकून राहावा लागतो. आणि आपल्या उन्हात टाकलेल्या सेंद्रिय पदार्थातील मोठा हिस्सा वर्ष-दोन वर्षांत कुजून हवेत निघून जातो. त्यामुळे ‘एका हंगामात जमीन सुधारली’ असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नये. मात्र कर्बाचा आकडा हलण्याच्या आधीच काही बदल दिसू लागतात. पाऊस पडून गेल्यावर मातीवर जी कडक पापडी धरते ती कमी होते, बी सहज वर येते, वाफसा (मशागतीजोगी ओल) लवकर येतो आणि पाण्याची पाळी दोन-तीन दिवसांनी लांबवता येते. वांग्याच्या ओळींमध्ये उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड चार बोटे जाडीचे अंथरून एप्रिलच्या दुपारी त्याखाली हात घालून पाहावा. वरची उघडी माती पोळत असताना आच्छादनाखालची माती गार आणि ओलसर लागते. विहीर मार्चनंतर दोन तास चालत असेल, तर या एका गोष्टीचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

अन्नद्रव्यांचा हिशेब मात्र आधी कागदावर मांडावा, कारण सेंद्रिय भाजीपाला फसतो तो बहुतेक वेळा किडीने नव्हे, तर उपासमारीने. भेंडीसाठी हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस धरली, तर आपल्या २० गुंठ्यांना, म्हणजे अर्ध्या एकराला, २० किलो नत्र लागते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का असते, म्हणजे ४ टन शेणखतात २० किलो. पण त्यातील निम्म्याहून कमीच नत्र पहिल्या हंगामात पिकाला मिळते आणि उरलेले पुढच्या पिकांकडे जाते. चार जनावरांचे शेण वर्षभर नीट साठवले तरी एकट्या त्यावर तीन हंगामांचा भाजीपाला निघणार नाही. ही तूट दोन मार्गांनी भरून काढावी लागते.

एक मार्ग हिरवळीच्या खताचा. एकरी २० ते २५ किलो ताग पेरून, फुलोऱ्यावर येताच, म्हणजे ४५ ते ५० दिवसांत, तो जमिनीत गाडला तर एकरी सहा ते आठ टन हिरवा पाला मिळतो आणि त्यातून हवेतले नत्र फुकट मातीत येते. ताग जून होऊ देऊ नये. खोड तंतुमय झाले की ते कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेते आणि पुढचे पीक पिवळे पडते. गाडल्यानंतर ओल राखून दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, मगच लागवड करावी.

दुसरा मार्ग कंपोस्टचा. आपल्याकडे शेण कमी आणि काडीकचरा भरपूर असेल, तर पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसवलेली नाडेप पद्धत आजही सर्वांत व्यवहार्य वाटते. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे हौद, भिंतींत हवेसाठी ठेवलेली भोके, आणि आत काडीकचरा, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर, अशी ही रचना आहे. एका हौदाला शेण लागते ते अवघे १०० किलोच्या आसपास, आणि साडेतीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत निघते. हौद भरून वरून शेणमातीने लिंपल्यावर आतील ओल टिकली आहे का, हे पाहत राहावे. भेगा पडल्या की पुन्हा लिंपावे, नाहीतर आत नुसती वाळलेली काडी उरते. खत तयार झाल्याची खूण सोपी आहे. मूठभर खत हातात घेतले तर त्याला शेणाचा वास न येता पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यावा आणि त्यातील मूळ काडी ओळखू येऊ नये. अर्धवट कुजलेले शेणखत शेतात गेले, तर हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तण ही दोन्ही आपण स्वतःच वाहून नेतो. ताजे शेण किंवा त्याची स्लरी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा, काकडी यांवर तर मुळीच घालू नये. त्यातील जंतू पोटात जाण्याचा धोका खरा आहे आणि ‘सेंद्रिय’ या शब्दाने तो कमी होत नाही.

जीवामृताविषयी आपण वेगळे विचारले आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ व बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून दोन दिवस मुरवलेले हे द्रावण उपयोगी आहे, परंतु त्यातून एका एकराला मिळणारे नत्र अगदी नगण्य असते. ते विरजण आहे. विरजण कितीही चांगले असले तरी दूध हवेच. मातीत कुजायला काही असेल तर जीवामृत काम करते, आणि उघड्या, कर्बहीन जमिनीवर ते ओतत राहिल्यास गूळ व बेसन यांचा खर्च तेवढा होतो.

किडींच्या बाबतीत सेंद्रिय पद्धत म्हणजे रासायनिक औषधाच्या जागी वनस्पतीचा अर्क, एवढाच अर्थ घेतला तर निराशा पदरी पडते. खरे काम मांडणीत आहे. कोबीच्या दर २५ ओळींनंतर मोहरीच्या जोडओळी पेरल्या, तर चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर अंडी घालणे पसंत करतो. टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी, मात्र झेंडूचे रोप टोमॅटोपेक्षा पंधरा दिवसांनी मोठे असावे, म्हणजे दोघांचा फुलोरा एका वेळी येतो आणि फळे पोखरणारी अळी झेंडूकडे वळते. वय न जुळवता बांधाला शोभेसाठी लावलेल्या झेंडूचा या कामी उपयोग होत नाही, तरी बहुतेक ठिकाणी तोच दिसतो. वांग्याचे सुकलेले शेंडे दर आठवड्याला दोन बोटे खालून खुडून जाळावेत, कारण त्या शेंड्यातच अळी बसलेली असते. जोडीला अर्ध्या एकरात १५ ते २० कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावून त्यांतील ल्यूर, म्हणजे वासाच्या गोळ्या, वेळच्या वेळी बदलाव्यात. शेंडे खुडण्याचे काम कंटाळवाणे असते म्हणून ते टाळले जाते, आणि नंतर कितीही अर्क फवारला तरी फळात शिरलेल्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही. भेंडीवरील केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि एकदा झाड पिवळे पडले की त्याला कोणतेही औषध नाही, सेंद्रियही नाही आणि रासायनिकही नाही. तेथे परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखे रोगाला तुलनेने कमी बळी पडणारे वाण निवडणे आणि पहिले पिवळे झाड दिसताच उपटणे, एवढेच हाती असते. हे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण असल्याने त्यांचे बी घरी धरता येते, हा आणखी एक फायदा. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री सन्मान मिळाला तो याच कामासाठी, देशी भाज्यांचे बियाणे जपल्याबद्दल. दर हंगामाला संकरित बियाण्याचे पाकीट आणणाऱ्या शेतकऱ्याने हा खर्च वर्षाअखेर बेरजेने पाहावा.

फवारणीची गरज पडते तेव्हा ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा असतो: ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी, थोडे साबणाचे पाणी मिसळून एकूण १०० लिटर द्रावण करावे आणि संध्याकाळी फवारावे, कारण कडक उन्हात त्यातील अझाडिरॅक्टिन हा कीड रोखणारा घटक लवकर निकामी होतो. तंबाखूचा काढा वापरू नये. निकोटिन हे वनस्पतीतून आलेले असले तरी जहाल विष आहे. दहा झाडांच्या पाल्यापासून केलेल्या दशपर्णी अर्कात रुई आणि कण्हेर ही विषारी झाडे पडतात, म्हणून तो पालेभाज्यांवर तोडणीच्या जवळ मारणे मला पटत नाही. त्याचप्रमाणे दुकानातून मिळणाऱ्या, घटकांची नावे नसलेल्या ‘सेंद्रिय’ बाटल्यांपासून दूर राहावे. एका फवारणीत सगळी कीड चट मरून पडली, तर आनंद मानण्याऐवजी त्या बाटलीत रासायनिक औषध असल्याची शंका घ्यावी.

फवारे थांबल्यावर पहिल्या हंगामात मावा आणि तुडतुडे वाढलेले दिसतात, त्यांना खाणारे ढालकिडे व क्रायसोपा हे मित्रकीटक मागाहून येतात. या मधल्या काळात धीर सुटून एकच कडक फवारा मारला, तर मित्रकीटक पुन्हा नाहीसे होतात आणि घड्याळ शून्यावर येते.

राहिला खिशाचा प्रश्न. जगभरच्या तुलनांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा आढावा सांगतो की सेंद्रिय पद्धतीत उत्पादन पीक आणि परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी भरते. आपण २० ते २५ टक्के घट गृहीत धरावी. दुसऱ्या बाजूला औषधे, विद्राव्य खते आणि बियाणे यांवरचा रोख खर्च घटतो, मजुरी मात्र वाढते. घरातील माणसे राबणार असतील तर गणित जुळते. सर्व काम मजुरांकडून करून घ्यायचे असेल, तर फक्त जादा भाव मिळाला तरच जुळते. आणि जादा भाव बाजार समितीत मिळत नाही, कारण तेथे माल दिसण्यावर विकला जातो. २०१६ पासून महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकता येतो, त्याचा उपयोग करावा. तालुक्याच्या गावी तीस-चाळीस कुटुंबे आठवड्यातून दोनदा ठरलेली भाजी घेणारी मिळाली, तर अर्ध्या एकराचा माल तेथेच संपतो. सेंद्रिय प्रमाणपत्राची घाई करू नये. थेट ग्राहकाला विकणाऱ्या, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला अन्नसुरक्षा नियमांत या प्रमाणपत्रातून सवलत आहे. पुढे गरज वाटलीच, तर किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून सहभाग हमी पद्धतीने, म्हणजे पीजीएस-इंडियाद्वारे, कमी खर्चात प्रमाणीकरण होते. त्रयस्थ संस्थेचे प्रमाणीकरण निर्यातीसाठी लागते आणि त्यात हंगामी पिकांना पेरणीपूर्वी दोन वर्षांचा रूपांतर काळ धरतात. आपल्याला त्याची गरज नाही.

संपूर्ण दीड एकर एकदम बदलू नये. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि उत्पादन कोसळल्यावर काही महिन्यांतच निर्णय मागे घेतला. एका घराच्या शेतीलाही तोच नियम लागू पडतो. विहिरीकडील ५ ते ७ गुंठ्यांपासून सुरुवात करावी आणि शेजारच्या रासायनिक प्लॉटमधून फवारा येऊ नये म्हणून कडेने मक्याच्या किंवा ज्वारीच्या तीन-चार दाट ओळी घ्याव्यात. जूनमध्ये ताग, तो गाडून सप्टेंबरअखेर मेथी, पालक, मुळा, त्यानंतर उन्हाळ्यात चवळी आणि दुसऱ्या खरिपात भेंडी, असा क्रम ठेवावा. पालेभाज्यांना थोडे दिवस आणि थोडे अन्न लागते, त्यामुळे त्या निभावतात. वांगी दुसऱ्या वर्षाच्या रब्बीत घ्यावीत. टोमॅटो सर्वांत शेवटी, तिसऱ्या वर्षी. त्याची भूक मोठी आहे, पावसाळी हवेत करपा दोन दिवसांत सगळा प्लॉट घेतो, आणि २०१४ मध्ये पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदली गेलेली टुटा ही नागअळी आता सगळीकडे आहे. मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) सेंद्रिय पद्धतीत चालते, पण त्यातील तांबे मातीत साठत जाते, म्हणून त्यावर विसंबून टोमॅटो घेण्यापेक्षा हवा कोरडी झाल्यावर, म्हणजे ऑक्टोबरनंतर, रोपांना काठ्यांचा आधार देऊन आणि ओळींत मोकळी हवा खेळेल एवढे अंतर ठेवून लागवड करावी.